तीन वशिंडांची गाडी

पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतात, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. रोलर कोस्टरलाही देतात, हे मात्र मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी अमरावतीत, न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकलं. शेजारच्या खुर्चीत गालभर फेस लावून बसलेला एक सरकीचा व्यापारी सांगत होता, की आदिलाबादपुढं बेला म्हणून गाव आहे, तिथं कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात एक छोटीशी, जुनीपुराणी रोलर कोस्टर आहे आणि तिची मालकीण तिला बैल समजते. मी इतक्या जोरात मान वळवली की न्हाव्यानं वस्तरा वर धरून देवाचं नाव घेतलं. पोळा आठवड्यावर आला होता. घरी जाऊन मी पिशवी भरली.

बेला, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी

आदिलाबादहून निघालेली बस बायकांनी गच्च भरली होती. तेलंगणात बायकांना बसचं तिकीट पडत नाही. आमच्याकडं अर्धं पडतं. त्यामुळं कंडक्टरबाईंना तिकीट फाडून देण्याजोगं गिऱ्हाईक जवळजवळ मी एकटाच, आणि त्या माझ्याकडं फार मायेनं बघत होत्या. "एकटेच?" त्यांनी विचारलं.

एकटा माणूस दिसला की आपल्या मुलखात त्याच्याकडं खुलासा मागतात. मी सांगितलं, मंडळी मागच्या बसनं येताहेत, सामान फार आहे. सकाळी आदिलाबादच्या खानावळीत हाच प्रश्न आला तेव्हा म्हणालो होतो, जुळा भाऊ बाहेर उभा आहे, त्याचा उपास आहे. खानावळवाल्यानं त्या भावासाठी दोन केळी बांधून दिली. ती मी बसमध्ये खाल्ली आणि भावाच्या वतीनं तृप्त झालो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस कमरेला लागला होता, नुकती फुलं धरत होता. बेल्यात उतरलो तर पाट्या सगळ्या तेलुगूत आणि पाटीखालचा दुकानदार गिऱ्हाइकावर मराठीत खेकसतोय. वाटावं, मी यवतमाळ जिल्ह्यातच आहे, कोणीतरी गंमत म्हणून रातोरात पाट्या तेवढ्या बदलल्यात.

स्टँडसमोर गजाननचा चहाचा ठेला आहे. गजानन चाळिशीचा, तुराटीसारखा वाळलेला. मी गाडी बघायला आलोय म्हटल्यावर त्यानं कप हातात द्यायच्या आधी मला नीट न्याहाळलं.

"आज कायची गाडी? आज खांदमळणी, उद्या पोळा. बैलाले पोळ्यात कोणी जुपते का? अमरावतीत जुपता का तुमी?"

नाही म्हणालो. अमरावतीचं नाव राखणं भाग होतं.

"मंग. परवा, करीच्या दिवशी निघन गाडी. थांबता का दोन दिवस? एकलेच हाय का?"

जिनिंग गावाच्या टोकाला आहे. पत्र्याचं लांबच लांब छप्पर, त्यामागं मोकळं आवार. आवारात सिमेंटचा एक हत्ती, ज्याच्या सोंडेवरून पोरांनी घसरावं अशी योजना. गवतात बुडालेली एक चक्री. आणि त्या सगळ्याच्या मागं, लोखंडी पायांवर उभी, ती. पहिला उंचवटा दुमजली घराएवढा, दुसरा त्याहून कमी, तिसरा त्याहून. रुळांवर दोन डबे, एकामागं एक, प्रत्येकात दोघं मावतील असे. डब्यांना हिंगुळाचा लाल रंग, शिंगांना लावतात तो. पुढच्या डब्याच्या तोंडावर दोन डोळे काढलेले, आणि डोळ्यांत काजळ.

डब्याशेजारी सत्तरीची एक बाई उकिडवी बसली होती. पदर कमरेला खोचलेला, पायांत पुरुषी बूट. वाटीतलं तूप-हळद पळसाच्या पानानं ती चाकाच्या आसावर चोळत होती, बैलाचा खांदा चोळावा तसं, सावकाश, गोलगोल. दोन्ही डब्यांचं झाल्यावर तिनं डोळे काढलेल्या त्या तोंडाशी वाकून आवतण दिलं.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मी जन्मभर लोकांना हसवण्याचा उद्योग केला आहे. गणपतीतली नाटकं, लग्नाच्या पंगती, बँकेतल्या सहकाऱ्यांचे निरोप समारंभ, जिथं मिळेल तिथं. तेव्हा मला हसायला यायला हवं होतं. पण ती बाई आवतण देऊन क्षणभर थांबली, उत्तराची वाट बघितल्यासारखी, आणि मीही तिच्यासोबत डब्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

सगळा गाव तिला आत्याबाई म्हणतो. जिनिंगच्या मालकाची ती मुलगी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कुंकू पुसून परत आली आणि बापाच्या गावात राहिली, म्हणून सगळ्यांची आत्या. बेल्यात लॉज नाही हे कळल्यावर तिनं मला जिनिंगच्या जुन्या कचेरीत खाट टाकून दिली आणि ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी पुढं केली. अंबाडी आमच्याकडं डाळ-कण्या घालून घोटतात. इथली तेलुगू शेजारणीच्या हातून शिकलेली, लाल तिखटात परतलेली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाई समाधानानं म्हणाल्या, लागली म्हणायची.

पोळा

सकाळी गावचे बैल तोरणाखाली उभे राहिले. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड, सगळं आपल्यासारखंच. फरक इतकाच, की इथं झडत्या, म्हणजे पोळ्यातली टोमणेबाज कवनं, मराठीत म्हणतात आणि मधूनच कोणी तेलुगूत टोमणा मारतो, आणि दोन्हीला सारखंच हसतात. मला राहवेना. मी पुढं झालो, हात वर केला आणि रात्री खाटेवर रचलेली झडती ठोकून दिली:

*शिंग नाई, शेपूट नाई, वशिंडं याले तीन,*
*ढेपीचं मी काय करू, तेल तेवढं पिईन!*

हर हर महादेव झालं, शिट्ट्या झाल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीत थाप मारली. गजानन ओरडला, आत्याबाईच्या बैलाची हाय ही. गर्दी हसली, आणि मग मला जाणवलं की हसून झाल्यावर कोणीही जिनिंगच्या दिशेला पाहिलं नाही.

दुपारी आत्याबाईंनी डब्याच्या तोंडापुढं पुरणपोळीचं पान मांडलं, मग माझ्यापुढं. जेवताना मला गाडीची जन्मकथा कळली, आणि ती मी अशी सांगतो की ऐकणाऱ्यानं पुरणपोळी खाली ठेवावी.

आत्याबाईंचे वडील कापसाचे माणूस. कापसापलीकडं जग असतं, हे त्यांना ऐकून माहीत होतं. आत्याबाई परकरी वयाच्या असताना ते हैदराबादेत एका लिलावाला गेले. कोणा बड्या घराण्याच्या बागेतलं भंगार विकायला निघालं होतं. नातवंडांसाठी विलायतेहून आणलेली खेळण्याची रेल्वे होती म्हणतात. डब्यावरची पितळी पट्टी हात लागून लागून इतकी गुळगुळीत झालीय की अक्षर उरलेलं नाही. वडिलांना दिसले ते रूळ, चाकं आणि दोन डबे. त्यांना वाटलं, ही ट्रॉली. गाड्यांवरून उतरवलेला कापूस आवाराच्या या टोकापासून जिनापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापर्यंत, न्यायला मजूर लागतात, आता ट्रॉली नेईल. रूळ वाकडे होते. ते म्हणाले, वाईट रचून ठेवल्यामुळं वाकले असतील.

बेल्यात आणल्यावर त्यांनी लोहाराला बोलावलं आणि रूळ सरळ करायला सांगितलं. लोहारानं भट्टी पेटवून, घण मारून, एक जोडी सुतासारखी सरळ केली. दुसरी घेणार, तेवढ्यात जिनाच्या फिटरनं तुकड्यांवरच्या खुणा बघून जुळवाजुळव सुरू केली, आणि रूळ जमिनीवर राहीनात. ते आभाळाकडं निघाले. पहिला उंचवटा उभा राहिला, दुसरा राहिला, तिसरा राहिला. सगळं गाव जमलं. वडील बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, वशिंड हाय, म्हंजे बैलच. त्या दिवसापासून तिला पोळा लागू झाला.

सरळ केलेली जोडी तेवढी राहून गेली. मूळ बाक कसा होता, हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. ती पहिल्या उतारानंतर बसवली. तिथं गाडी धप्पकन आदळते आणि तिचा जोर मोडतो. डबे भरलेले असले तर ती मधल्या वशिंडावर चढते. एकही जागा रिकामी असली की अर्ध्यातून मागं येते आणि खोलगट जागेत झुलत राहते. पहिल्यांदा वडिलांनी तिच्यात कापूसच भरला होता. तो पहिल्याच उतारावर उडाला आणि लोक दिवसभर आवारातून वेचत राहिले. मग सरकीची पोती घातली, तर गाडी मधल्या वशिंडावरून झोकात गेली. म्हणजे या गाडीचे पहिले प्रवासी पोतीच.

नंतर मजुरांच्या पोरांनी पोती ढकलून जागा घेतल्या. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागायची, माप होईपर्यंत घरची सगळी माणसं आवारात बसून असायची. त्यांच्यासाठी वडिलांनी हत्ती केला, चक्री आणली, फाटकावर बालोद्यान अशी पाटी लावली. मराठी पोरं, तेलुगू पोरं, गोंड पोरं, सगळी एकाच सुरात ओरडायची. माणूस कमी पडलं की जागेवर पोतं. आता कापूस दुसऱ्या जिनांवर जातो, पोरं आदिलाबादच्या शाळांत जातात.

"आणि तुम्ही? तुम्ही किती वेळा बसलात?" मी विचारलं.

आत्याबाईंनी माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली. गाडी थांबवायला फलाटाशी बाभळीचा एक लांब दांडा आहे. तो दाबला की खालची फळी डब्याच्या पोटाला घासते. मजूर दांडा सोडून टाळ्या वाजवायचे, म्हणून वडिलांनी तो मुलीच्या हाती दिला. तिनं हट्ट धरला तर ते म्हणायचे, तू बसशीन त् थांबवन कोण? लग्न होऊन गेली, परत आली, वडील गेले, आणि दांडा तिच्याच हातात राहिला.

म्हणजे एकदाही नाही.

मग त्यांनी मला विचारलं, एकले काऊन फिरता? माझ्याकडं एक झकास उत्तर तयार होतं, त्यात एक सर्कस होती. पण मी खरं सांगितलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. माझा प्रत्येक किस्सा तिला पाठ होता, शेवटचं वाक्य ती माझ्याआधी बोलून मोकळी व्हायची, आणि मी चिडायचो. आता पूर्ण किस्सा सांगता येतो, कोणी मधे येत नाही, आणि सांगावासा वाटत नाही. घरात बसवत नाही म्हणून फिरतो.

आत्याबाई हं म्हणाल्या. मग पानं उचलता उचलता बोलल्या, ते मी जसंच्या तसं देतो.

"गेल्या करीले कोणीच आलं नाई. म्या चार पोते बसवले अन् गाडी सोडली. बैल एक दिवस तरी जुपला पाह्यजे. आली फिरून, थांबवली. अन् म्या पोत्यायले म्हटलं, उतरा आता, पडसान." त्या हसल्या नाहीत. "मंग मले मायंच भेव वाटलं. यंदा पोतं बसवणार नाई. चार जिते माणसं बसले त् गाडी ठेवीन. नाई त् सलीमभाईले सांगून ठेवलं हाय."

सलीमभाई म्हणजे आदिलाबादचे भंगारवाले.

कर

सकाळी सात वाजताच फाटक उघडलं. आत्याबाईंनी डबे पुसले, मोटार लावून पाहिली. गाडीला पहिल्या वशिंडावर तारेचा दोर ओढून नेतो; पूर्वी तो जिनाच्या पट्ट्यावर चालायचा, आता विजेवर. थ्री फेज वीज दिवे लागायच्या सुमाराला जाते, म्हणजे तोवरच वेळ.

पहिलं जितं माणूस मी. दुसरा गजानन, ठेला बायकोवर सोडून आलेला. आम्ही हत्तीच्या सावलीत बसलो. रस्त्यावरून मोटारसायकली जात होत्या आणि प्रत्येकीच्या आवाजाला आत्याबाई मान वर करत होत्या. दुपारी एक मोटारसायकल खरंच वळली. नवरा, बायको, पुढं टाकीवर एक पोरगी, मधे एक पोरगं. एकाच मोटारसायकलवर अख्खी गाडी भरेल एवढी माणसं. गजानन उभा राहिला, मी कपडे झटकले. त्यांनी गाडीसमोर उभं राहून फोटो काढले, पोरगी डब्यात बसायला निघाली, आणि आई म्हणाली उशीर होईल, मामा वाट बघत असेल. पोरीला उचलून ते गेले. आत्याबाईंनी त्यांना पाणी विचारलं, तेही त्यांनी घेतलं नाही.

तिसऱ्या प्रहरी टेंपो आला. सलीमभाई उतरले, अंगानं भरभक्कम, दाढीला मेंदी. नमस्कार-सलाम झाला. त्यांनी रुळांकडं पाहिलंसुद्धा नाही. हत्तीच्या सावलीत आमच्याशेजारी बसले आणि चहाचं विचारलं. माल घ्यायला आलेला माणूस इतका कानकोंडा झालेला मी पाहिलेला नाही. शेवटी तेच म्हणाले, "आत्या, मैं बैठ जाता ना. मेरे को गिनो."

"तू त् न्याले आला," आत्याबाई म्हणाल्या.

"बैठने के बाद देखेंगे."

गजाननला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. असा व्यापार त्यानं पाहिला नव्हता. पण झाले तीनच. मी, गजानन, सलीमभाई. ऊन उतरू लागलं. गजानन म्हणाला, सलीमभाई वजनानं दोघांच्या बरोबरीचे आहेत, त्यांनाच दोन धरा. आत्याबाई म्हणाल्या, माणसं मोजून राह्यलो, वजन नाई. मी आवाराबाहेर चरणाऱ्या शेळीकडं बोट दाखवून ती जिती असल्याचं निदर्शनास आणलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी शेळीचा अर्ज मागं घेतला. गजानन बायकोला बोलवायला गेला आणि एकटाच परत आला. ठेल्यावर नेमकी बस भरून गिऱ्हाईक उतरलं होतं.

मग मी म्हणालो, आत्याबाई, तुम्ही बसा, दांडा मी धरतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा मोजलं. गजानन, सलीमभाई, आत्याबाई. तीनच. जो दांडा धरेल तो बाहेर राहणार. आम्ही चौघं होतो, जागा चार होत्या, आणि तरी गाडी भरत नव्हती. ते गणित मी मनात तीनदा केलं. इतकी वर्षं प्रत्येक फेरीला बाहेर उरलेलं ते एक माणूस माझ्यासमोर पुरुषी बूट घालून उभं होतं.

आत्याबाई गोदामाच्या दाराकडं बघत होत्या. तिथं सरकीची पोती भिंतीला टेकून रचलेली होती.

"त्यायले उभं करा तिथं," त्या हळूच म्हणाल्या.

कुठं, ते आधी सलीमभाईंना कळलं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. फलाटापुढं, जिथं गाडी थांबते तिथंच, आम्ही रुळांवर पोती रचली. पुढं सैल, मागं घट्ट, तीन थर, आणि सगळ्यांत मागं सलीमभाईंच्या टेंपोतला एक ओंडका. रिकामा डबा शेवटच्या उतारावर मागं रेटून दोनदा सोडून पाहिला. पोत्यांनी त्याला अलगद पोटाशी धरलं. आत्याबाईंनी दोन्ही वेळा सवयीनं दांडा दाबला होता. तिसऱ्या वेळी त्या हात मागं बांधून उभ्या राहिल्या, आणि गाडी थांबली.

पोती बाजूला सारून गाडी चढणीच्या पायथ्याशी घेतली आणि पोती तिच्यामागं पुन्हा रचली. आत्याबाई पुढच्या डब्यात डाव्या बाजूला बसल्या, मी त्यांच्या उजवीकडं. मागं गजानन आणि सलीमभाई. त्या बाकावर गजाननला जेमतेम बोटभर जागा. मोटारीचा खटका मी हात बाहेर काढून दाबला. दोरानं हिसका दिला. आम्ही चढू लागलो. आत्याबाईंनी माझा हात धरला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या समोर बघत होत्या, आपल्याच गाडीत पाहुण्यासारख्या. वर पोचलो. बेल्याची घरं, कापसाची शेतं, पलीकडं महाराष्ट्राची झाडं, सगळं एकसारखं हिरवं. मग दोर सुटला. खाली, धप्पकन त्या सरळ रुळांवर, मागं गजाननचा "माय वं", आणि मधलं वशिंड. गाडी मंदावली. अगदी माथ्यावर तिनं विचार केला. सलीमभाई मागून पुढं वाकले, अंगातलं सगळं वजन घेऊन, आणि ती पलीकडं गेली.

पोत्यांत शिरलो तेव्हा एक पोतं उसवलं आणि सरकी आमच्या अंगावर आली.

आत्याबाईंच्या पांढऱ्या केसांत सरकी अडकली होती. त्यांनी समोर बघतच म्हटलं, "पुन्हा."

पण तेवढ्यात वीज गेली. गजाननला ठेल्यावरून हाका आल्या. सलीमभाईंनी आपला ओंडका उचलला, रिकामा टेंपो चालू केला, आणि काचेतून मान काढून म्हणाले, अगले साल बुलाना, सामान नहीं, मेरे को. मग आवारात आम्ही दोघंच राहिलो. उभ्या गाडीत अंधार पडेपर्यंत बसलो. मी एक किस्सा सुरू केला, चांगला, सर्कशीचा. आत्याबाईंनी सगळा ऐकला. शेवटी काय होणार, ते त्यांना माहीत नव्हतं.

सकाळची बस लवकर होती. पिशवी घेऊन आवारात आलो तर आत्याबाई उसवलेलं पोतं दाभणानं शिवत होत्या. बाकीची पोती त्यांनी गोदामात परत नेली नव्हती. फलाटापुढंच रचून, वरून ताडपत्री घातली होती. गाडी राहिली, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

"पण यापुढं चार माणसं कुठून आणणार?"

"चार काऊन?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "एक मी हावोच. आता तीनच शोधा लागतीन."

फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. फाटक सताड उघडं होतं आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. आत्याबाई पुढच्या डब्यात डाव्या बाजूला जाऊन बसल्या होत्या. बाकीच्या तीन जागा ओल्या फडक्यानं पुसलेल्या होत्या.